चौविहार झाला, तरी जठर भरलेलेच

उद्या दुर्बिणीने पोट तपासायचे आहे, रात्रीपासून काही खाऊ नका, असे डॉक्टरांनी सांगितले की आपल्या घरांतून सहज उत्तर येते, "आमचा तर चौविहारच असतो!" पाथर्डी-जामखेडहून पहाटे निघून नगर गाठणाऱ्यांना ते सोयीचेही वाटते. निरोगी जठरासाठी एका रात्रीचा उपवास पुरतोही. परंतु जठराचे खालचे द्वार जुन्या व्रणाने आक्रसले किंवा गाठीने अडले असेल, तर सूर्यास्तापूर्वीचे भोजन दुसऱ्या दिवशीही तेथेच साचलेले असते. अठाई केलेल्या तपस्व्याचे जठरही याला अपवाद नाही.

काल खाल्लेले अन्न आज न पचता उलटून पडणे, चार घासांत पोट भरणे, वजन उतरणे ही त्याची लक्षणे. आपण 'पित्त उसळले' म्हणून दुकानात बसल्या बसल्या गोळ्या घेत राहतो. वास्तविक द्वार पुरते बंद झाले असेल, तर त्या उलटीत पित्त नसतेच. ते जठरात पोहोचतच नाही.

अशा स्थितीत गुंगीचे औषध दिल्यास साचलेले द्रव्य वर येऊन श्वासनलिकेत शिरू शकते. ते जिवावर बेतते. म्हणून नगरचे आनंदऋषीजी रुग्णालय असो वा पुण्याचे एखादे, पूर्वतयारी आदल्या रात्रीपेक्षा बरीच आधी सुरू होते. डॉक्टर सांगतील तितके दिवस केवळ पातळ आहार, मग निर्जळ. पुष्कळदा आधीच भरती करून नाकातून नळी घालतात, जठर उपसून धुतात. उलट्यांमुळे घटलेले पाणी, क्षार व पोटॅशियम सलाइनद्वारे भरून काढतात. गरज भासल्यास भूलतज्ज्ञ श्वासनलिकेतही नळी ठेवतात. नळी पाहून घरचे घाबरतात, पण उपाय जुना आहे. जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८६७ मध्ये अशाच तुंबलेल्या जठरांचे क्षालन केले आणि पुढच्याच वर्षी तलवार गिळणाऱ्या कलावंताच्या जठरात पहिली दुर्बीण उतरवली.

रात्री सलाइन वा औषध घेतल्याने नियम मोडेल, ही चिंता अनेक श्राविकांना असते. प्रत्याख्यानातच सव्वसमाहिवत्तियागार ठेवलेला आहे; शंका असल्यास महासतीजींना आधीच विचारून घ्यावे. संकोचापोटी डॉक्टरांपासून काही लपवू नये. शेवटचे घन अन्न केव्हा घेतले, शेवटची उलटी कधी झाली व तीत काय पडले, रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, गुडघेदुखीसाठी कोणती वेदनाशामके घेतली, हे सारे कागदावर लिहून न्यावे. तपासणीच्या सकाळी पुन्हा उलटी झाली, तर गुंगीचे औषध देण्यापूर्वी तेही सांगावे.