हरकती व सूचना

आमच्या गावच्या घरामागचे मैदान सुधारित विकास आराखड्यात व्यापारी वापरासाठी दाखवले गेले. हरकत घ्यायला मुदत होती. पण आम्ही मनामात. कळले तेव्हा ती उलटून गेली होती. चौकशी न करण्याचा दोष माझाच.

हरकतींनी काय होते, असे म्हणणाऱ्यांनी मुंबई आठवावी. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. चुकीची आरक्षणे, आरेची हिरवी जमीन यांवरून नागरिकांनी हजारो हरकती नोंदवल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा नव्याने करायला सांगितले. पुण्यात तर २००६ पासून नागरिक महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातली कामे सुचवत आले आहेत.

आणि बहारीन? इथे वाढलेल्या मुलांनो, गल्लीतला दिवा बंद असेल, पदपथ उखडला असेल, तर ‘तवासुल’वर तक्रार करा, सूचनाही द्या. जिथे राहतो ते गावही आपलेच.

यंदा फराळानंतर एवढे करा: गावच्या आराखड्याचा नकाशा उघडा आणि घराभोवती काय दाखवले आहे, ते आजीआजोबांना विचारत पाहा. मैदान कुठे होते, हे त्यांनाच ठाऊक असते.