काळोखाआडचे तारे

हिवाळ्याच्या निरभ्र रात्री पूर्वेस मृग नक्षत्र उगवते. त्यातील तीन ताऱ्यांचा बाण बहुतेकांच्या ओळखीचा आहे. या बाणाच्या दक्षिणेस निरखून पाहिल्यास एक धुरकट ठिपका दिसतो. तो मृगातील तेजोमेघ होय. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या मेघात आजही नवे तारे जन्म घेत आहेत. तारे अनादि नाहीत. तेही उत्पन्न होतात. ते कसे, हे आपण येथे पाहू.

ताऱ्यांचा जन्म जेथे होतो, ती स्थळे ओळखण्यास माणसाला फार काळ लागला. आकाशगंगेच्या उजळ पट्ट्यात ठिकठिकाणी काळे डाग दिसतात. तेथे तारेच नाहीत, ती आकाशातील भोके आहेत, असे अनेकांना वाटत असे. हा समज दूर करण्यात एडवर्ड एमर्सन बार्नार्ड या अमेरिकन निरीक्षकाचा मोठा वाटा आहे. १८५७ साली नॅशव्हिल येथे त्यांचा जन्म झाला, तत्पूर्वीच वडील निवर्तले होते. दारिद्र्यामुळे नवव्या वर्षी त्यांना छायाचित्रकाराकडे कामास लागावे लागले. शाळा जवळजवळ लाभलीच नाही. तेथे शिकलेली छायाचित्रणाची कला त्यांनी पुढे आकाशाकडे वळवली. काळे डाग म्हणजे मागील ताऱ्यांचा प्रकाश अडवणारे पडदे आहेत, हे मानण्यास प्रारंभी ते स्वतःही तयार नव्हते. परंतु वर्षानुवर्षांच्या छायाचित्रांनी त्यांचे मत बदलले, आणि १९१९ साली त्यांनी अशा १८२ डागांची सूची प्रसिद्ध केली.

हे पडदे वायू आणि धूळ यांचे असतात. वायू मुख्यतः हायड्रोजन. धूळ वजनाने शंभरात जेमतेम एक भाग. तिचे कण धुराच्या कणांइतके सूक्ष्म असतात. तरीही हीच धूळ बाहेरचा प्रकाश अडवून मेघाचे अंतरंग थंड राखते. तेथील तापमान शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. वायू उष्ण असता तर त्याच्या दाबाने मेघ पसरला असता. थंड असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची सरशी होऊ शकते. मेघाचा एखादा दाट भाग स्वतःच्याच भाराने आत कोसळू लागतो. आकुंचनामुळे केंद्र तापते, भोवती वायू व धुळीची फिरती चकती तयार होते. केंद्राचे तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेले की हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर सुरू होते आणि तारा स्वतःच्या बळावर प्रकाशू लागतो. उरलेल्या चकतीतून ग्रह घडतात. आपली पृथ्वीही अशाच धुळीतून घडली.

लहान, गोलाकार कृष्णमेघ ही ताऱ्यांची जन्मस्थाने असावीत, असे बार्ट बोक यांनी १९४७ साली सुचवले. त्या वेळी आत डोकावण्याचे साधन नव्हते. अवरक्त किरण मात्र धुळीतून बरेचसे पार होतात. १९८३ साली सोडलेल्या आयरास उपग्रहाने ते टिपले, आणि १९९० पर्यंत अशा अनेक मेघांच्या पोटात कोवळे तारे असल्याचे स्पष्ट झाले.

बुद्धवचनात आधुनिक खगोलशास्त्र शोधण्याचा आमचा हेतू नाही. तो ना धम्माचा सन्मान, ना विज्ञानाचा. तथापि कारणे एकत्र आली की वस्तू उत्पन्न होते आणि ती न उरली की लोप पावते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याला ताऱ्यांची ही कथा परकी वाटणार नाही. मूळ नक्षत्रावर जन्मलेले मूल अशुभ, असे म्हणून आजही काही घरांत निष्पाप बालकाला दोष दिला जातो. ज्या ताऱ्यांना स्वतःचाच जन्म थंडी, धूळ आणि गुरुत्वाकर्षण यांच्या अधीन राहून घ्यावा लागला, ते दुसऱ्याचे भाग्य काय लिहिणार? ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारू नये, हा कालामांना केलेला उपदेश येथे आठवावा.

आमच्या विद्यार्थ्यांनी मृगाकडे जरूर पाहावे. परंतु आकाशगंगेतील काळ्या डागांकडे अधिक वेळ पाहावे. जेथे काहीच नाही असे जगाने ठरवून टाकले होते, तेथेच तारे घडत होते.