वानचे पाणी आणि वनाचे मोल

अकोट शहराच्या उत्तरेस सातपुडा आहे आणि दक्षिणेस पूर्णा नदी. या दोहोंमधील अंतर फार नाही. तथापि पाण्याच्या दृष्टीने ही दोन निराळी जगे आहेत. पूर्णेच्या दोन्ही तीरांना अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे विहिरीला पाणी लागते, पण ते पिण्याजोगे नसते; पिकाला दिले तर जमीनच बिघडते. याउलट डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या व वाळूच्या पायथ्याच्या पट्ट्यात पावसाचे पाणी सहज मुरते. अकोट परिसरातील संत्र्याच्या बागा त्याच पाण्यावर उभ्या आहेत.

मेळघाटच्या डोंगरातून येणाऱ्या वान नदीवर वारी भैरवगड येथे धरण बांधलेले आहे. सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर क्षमतेच्या या हनुमानसागर जलाशयातून अकोट शहराला आणि ‘८४ खेडी’ योजनेतील गावांना पाणी मिळते. ज्या गावात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, तेथील नळाला येणारे गोडे पाणी म्हणजे वस्तुतः सातपुड्याच्या वनात पडलेला पाऊस होय.

वानच्या पाण्याच्या वाटपावरून आपल्याकडे आंदोलने झाली. अधिक पाणी कोणास, शेतीला की शहराला, हा वाद स्वाभाविक आहे. परंतु ते पाणी जेथे साठण्यापूर्वी मुरते, त्या भूमीची चर्चा क्वचितच होते. झाडांचा पालापाचोळा आणि सच्छिद्र माती धो-धो पावसाला अडवते व पुढे कित्येक महिने पाणी झिरपू देते. तेथे कापणी, खोदाई, भराव सुरू झाले की तीच माती वाहून धरणात येते. गाळाने व्यापलेली जागा सहजासहजी परत मिळत नाही. बँकेच्या भाषेत बोलायचे तर वन हे मुद्दल आहे आणि पाणी हे व्याज. आपण व्याजाच्या वाटणीवर भांडतो आणि मुद्दलाकडे दुर्लक्ष करतो.

मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. १९९७ मध्ये वान, अंबाबरवा व नरनाळा ही अभयारण्ये घोषित झाली. या संरक्षणाची खरी कसोटी अकोला–खंडवा रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणाच्या वेळी लागली. जुना मीटरगेज मार्ग सुमारे ३९ किलोमीटर व्याघ्र प्रकल्पातून जात होता. तोच रुंद केला असता तर मोठे बोगदे, भराव आणि अधिक वेगाच्या गाड्या वनात आल्या असत्या. जुनाच मार्ग जवळचा आणि कमी खर्चाचा, असे मानणारेही पुष्कळ होते व त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून वनाबाहेरील मार्गाचा आग्रह धरला. पुढे हिवरखेड, जामोदकडून वळसा घेणारा मार्ग स्वीकारला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोला–अकोट गाडी सुरू झाली. पुढच्या टप्प्यासाठी मात्र अकोटकरांना धीर धरावा लागला. हा विलंब आणि वाढीव अंतर म्हणजे पाण्याच्या उगमासाठी मोजलेली किंमत आहे. शिवाय पूर्वी रेल्वे नसलेली गावे या वळशामुळे मार्गावर येतात, हा लाभही जमेस धरावा.

असा हिशेब न्यूयॉर्कनेही केला. पाणी शुद्ध करण्याचा अब्जावधी डॉलर्सचा कारखाना उभारण्याऐवजी त्या महानगराने १९९७ च्या करारानुसार कॅट्सकिल डोंगरातील पाणलोटाच्या जमिनी विकत घेऊन मोकळ्या राखण्यास आरंभ केला. विकण्यास राजी असलेल्या मालकांकडूनच त्या घ्यायच्या, हे त्या करारातील पथ्य होते.

येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. मेळघाट मोकळा राखण्यासाठी कोहा, कुंड, बोरी आणि पुढे केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा अशी कोरकूंची व अन्य वनवासींची गावे उठून आपल्या शेजारी, अकोट–तेल्हारा भागात आली. पुढच्या काळात उठलेल्या गावांतील प्रत्येक कुटुंबासाठी दहा लाख रुपयांची तरतूद होती. मात्र जमीन व सुविधांची आश्वासने अपुरी राहिल्याची त्यांची तक्रार होती. त्यातून काही कुटुंबे वनात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. खात्यात रक्कम जमा झाली की बँकेचा व्यवहार पूर्ण होतो; माणसाचे पुनर्वसन तेवढ्याने पूर्ण होत नाही. शेत, रोजगार, शाळा, दवाखाना आणि शेजार हे सारे मिळाल्याशिवाय ते खाते बंद करता येत नाही.

म्हणून वाचकहो, आपल्यावर दुहेरी कर्तव्य येते. पायथ्याशी नवा रस्ता, खाण वा विश्रामगृहांची वसाहत यांचा प्रस्ताव आला, तर त्यातून किती पैसा येईल याआधी किती पाणी जाईल, हे विचारावे. शेताजवळचा नाला बुजवू नये. शक्य तेथे विहिरीचे पुनर्भरण करावे. आणि ज्यांनी आपली गावे सोडली, त्या शेजाऱ्यांची मुले आपल्या शाळांत, त्यांचे तरुण आपल्या दुकानांत व जिनिंगमध्ये सन्मानाने सामावून घ्यावेत. आपल्या घरी येणाऱ्या गोड्या पाण्याचे देणे केवळ पाणीपट्टी भरून फिटत नाही.