स्वस्त तिकीट, चार तारे आणि रात्रीची बस

दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूर, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम करून आलेलं कुणीतरी आता आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतं. त्यांना विचारलं की उत्तरं मिळतात, ‘हॉटेल एक नंबर’, ‘विमान बकवास’, ‘बसनं अजिबात जाऊ नका’. ऐकणारा त्यावर बुकिंग करून मोकळा होतो. हे शेरे मनापासून दिलेले असतात, पण पुढच्या माणसाला लागणारी माहिती त्यांत नसते. विमान कोणत्या टर्मिनलवर लागतं, खोलीला खिडकी आहे का, बस शहरात सोडते की शहराबाहेर, सीमेवर बॅगा उतरवाव्या लागतात का, यांवर तिकडचा प्रवास सुखाचा होणार की त्रासाचा हे ठरतं. आणि बहुतेक गैरसमजही नेमके इथेच आहेत.

‘स्वस्त तिकीट म्हणजे स्वस्त प्रवास’

टोनी फर्नांडिस यांनी २००१ मध्ये कर्जात बुडालेली एअरएशिया अवघ्या एका रिंगिटला विकत घेतली आणि त्यानंतर या भागातला विमानप्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. स्कूट, व्हिएतजेट, थाई लायन एअर याच वाटेनं आल्या. या कंपन्यांना वाईट म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्या काय विकतात हे त्या लपवत नाहीत. मूळ भाड्यात फक्त आसन मिळतं. एअरएशियाच्या साध्या तिकिटावर हातातल्या दोन्ही नगांचं मिळून ७ किलो, स्कूटवर १० किलो. वरचं सामान, जेवण, आवडीची जागा यांचे पैसे वेगळे. सामान तिकिटासोबतच ऑनलाइन घेतलं तर परवडतं, तेच विमानतळावर वजन भरल्यावर घ्यायला गेलं की चांगलंच महागात पडतं. पंधरा किलोची बॅग, एक जेवण आणि शेजारीशेजारी जागा एवढं धरून बेरीज करावी आणि मग ती नेहमीच्या कंपनीच्या भाड्याशी ताडून पाहावी. कधी फरक मोठा निघतो, कधी जेमतेम.

याहून मोठा घोटाळा दोन वेगवेगळी तिकिटं जोडताना होतो. भारतातून क्वालालंपूर एका कंपनीचं आणि तिथून हनोई दुसरीचं, असं स्वतंत्र काढलं की प्रवाशाच्या डोक्यात तो एक प्रवास असतो, पण कंपन्यांच्या लेखी त्या दोन असतात. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी काही देणं लागत नाही. बॅग आपोआप पुढे जात नाही. इमिग्रेशन करून बाहेर यायचं, बॅग घ्यायची आणि पुन्हा चेक-इन करायचं. म्हणजे मधल्या देशात शिरण्याची कागदपत्रंही लागतात. क्वालालंपूरला पहिलं विमान टर्मिनल १ वर उतरलं असेल आणि पुढचं एअरएशियाचं असेल, तर टर्मिनल २ गाठावं लागतं. ट्रेननं हे अंतर तीन मिनिटांचं आहे, पण ते ठाऊक नसलं तर तिथेच धांदल उडते. बँकॉकमध्ये तर दोन विमानतळ आहेत. सुवर्णभूमी २००६ मध्ये सुरू झाला आणि जुना डॉन मुआंग आज मुख्यतः स्वस्त कंपन्यांचा तळ आहे. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं तर शहराच्या वाहतुकीतून चाळीसेक किलोमीटर जावं लागतं. पुढचं तिकीट दाखवणाऱ्याला दोन्हींमध्ये मोफत बस मिळते. दोन उड्डाणांच्या मधे चार तास तरी असावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच्या ज्युएल या मॉलबद्दलही असंच होतं. २०१९ मध्ये उघडलेल्या या मॉलमधला ४० मीटरचा धबधबा ‘ट्रान्झिटमध्ये बघून घेऊ’ असं अनेकजण ठरवून जातात. ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, त्यामुळे तिथे जायचं म्हणजे सिंगापुरात प्रवेश करायचा, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. काही देशांचा वैध व्हिसा जवळ असेल तर अटींवर ९६ तासांची सूट मिळू शकते. ती आपल्याला लागू होते का हे निघण्याआधी बघावं.

‘हिंदू मील म्हणजे शाकाहारी’

हा गैरसमज मराठी घरांत फार खोलवर बसलेला आहे आणि त्यानं अनेकांना, विशेषतः वयस्कर माणसांना, विमानात उपाशी ठेवलं आहे. विमान कंपन्यांच्या यादीतलं हिंदू मील सहसा मांसाहारी असतं. त्यात गोमांस आणि डुकराचं मांस नसतं, पण चिकन, मटण, मासे असू शकतात. शाकाहारी जेवणासाठी एशियन किंवा इंडियन व्हेजिटेरियन मील मागवायचं, त्याचा कोड एव्हीएमएल. जैन जेवणाचा व्हीजेएमएल. तिकिटावर एचएनएमएल दिसलं तर ते हिंदू मील. मागणी किमान २४ तास आधी नोंदवावी लागते, काही कंपन्यांना त्याहून आधी. एजंटला नुसतं ‘आम्ही व्हेज आहोत’ सांगून भागत नाही, कोड विचारून घ्यावा.

घरून नेलेल्या फराळाचं काय? स्वस्त कंपन्यांपैकी काही बाहेरचं खाणं विमानात खाऊ देत नाहीत. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट खसखशीची. सिंगापुरात खसखशीवर अमली पदार्थांच्या कायद्याखाली निर्बंध आहेत, कारण तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो. दिवाळीत तिकडच्या नातेवाइकांसाठी अनारसे किंवा मसाले बांधताना हे लक्षात ठेवावं. उतरल्यावर थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरं लावलेलं दुकान शोधावं. तिथे मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. बाकीकडे भाज्यांच्या पदार्थातही माशांचा सॉस असतोच असं धरून चालावं.

‘चार तारे म्हणजे सगळीकडे तेच हॉटेल’

तारे देणारी जगाची एकच संस्था नाही. मलेशियात सरकारी पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देतं आणि साध्या हॉटेलांना ऑर्किड. सिंगापूरमध्ये सरकारी तारे नाहीत. बुकिंगच्या संकेतस्थळावर दिसणारे तारे पुष्कळदा हॉटेलनंच कळवलेले असतात. म्हणून हनोईचे चार तारे आणि सिंगापूरचे चार तारे यांची तुलना होत नाही. पाहुण्यांनी दिलेल्या आकड्याचंही तेच. एकट्या तरुणानं दिलेला नऊ आणि सासू-सासऱ्यांना घेऊन गेलेल्या कुटुंबानं दिलेला नऊ हे दोन वेगळे नऊ आहेत.

खोलीचं वर्णन मात्र शब्द न् शब्द वाचावं. सिंगापूरच्या लिटल इंडियात मुस्तफा सेंटर या दुकानाच्या आसपास आपले लोक हमखास उतरतात. तिथली बरीच छोटी हॉटेलं जुन्या दुकान-घरांत आहेत, पुढून अरुंद आणि आत लांबच लांब. मधल्या खोल्यांना खिडकी नसते, आणि त्या ‘बिनखिडकीच्या’ म्हणूनच स्वस्तात विकल्या जातात. हनोईच्या जुन्या भागातली घरंही याच बांधणीची. तिथे खिडकी आहे असं लिहिलेलं असलं तरी ती कधी नुसत्या आतल्या चौकात उघडते. रात्री झोपण्यापुरती खोली हवी असेल तर हा उत्तम सौदा आहे. मात्र कोंडल्यासारखं होणाऱ्या माणसाला तिथे एक रात्रही निघत नाही.

दराचंही बारकाईनं पाहावं. सिंगापुरात दरापुढे ++ असं चिन्ह दिसलं तर आधी १० टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी लागतो. २०० डॉलरची खोली २३९ डॉलर ८० सेंटला पडते. थायलंडमध्ये याच पद्धतीनं १० आणि ७ टक्के. मलेशियात परदेशी पाहुण्याला दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर २०१७ पासून आहे आणि तो बहुधा काउंटरवर रोख मागतात. ‘हॉटेलनं फसवलं’ अशा कितीतरी तक्रारी या १० रिंगिटच्या असतात. चेक-इनला अनामतही घेतात. ती डेबिट कार्डावर अडकवली तर खात्यात परत यायला बराच वेळ लागतो, तेव्हा क्रेडिट कार्ड किंवा रोख बरी.

हॉटेल महाग वाटलं की लोक घर भाड्यानं घ्यायला बघतात. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्यानं देणं बेकायदा आहे, आणि थायलंडमध्ये परवान्याशिवाय ३० दिवसांहून कमी काळासाठी देणंही. जाहिरात दिसते म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

‘बस म्हणजे शेवटचा पर्याय’

माझं मत उलट आहे. सिंगापूर ते क्वालालंपूर हे साधारण साडेतीनशे किलोमीटर मी बसनंच जावं म्हणेन. विमान हवेत तासभरच असतं, पण चांगीला दोन तास आधी पोचायचं, उतरल्यावर ५७ किलोमीटरवरच्या शहरात जायचं, सामानाचे पैसे भरायचे. बसला पाच-सहा तास लागतात, वर सामानाची काटकसर नाही. चांगल्या बसमध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी ऐसपैस आसनं असतात. एसी मात्र इतका गार असतो की शाल हातात ठेवावी.

लोकांना धास्ती असते सीमेची, म्हणून ती नीट सांगतो. वुडलँड्सच्या नाक्यावर पासपोर्ट घेऊन उतरायचं, बॅगा बसमध्येच राहतात. सिंगापूरचा सोपस्कार आटोपला की खाली बस उभी असते. उतरण्याआधी बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवावा, कारण खाली एकाच रंगाच्या अनेक बसगाड्या असतात आणि चालक अनंतकाळ थांबत नाही. मग १९२४ चा, जेमतेम किलोमीटरभराचा कॉजवे ओलांडला की जोहोर बाहरू. इथे मात्र सगळं सामान उतरवून, तपासणीच्या यंत्रातून काढून परत चढवायचं. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड आधीच भरलेलं असावं. ते मोफत आहे, थायलंडचं आणि सिंगापूरचंही. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे. शुक्रवारची संध्याकाळ आणि जोडून सुट्ट्या टाळाव्यात, त्या दिवशी याच किलोमीटरला तासन् तास लागतात. १९९८ पासूनचा तुआसचा दुसरा पूल वापरणाऱ्या गाड्याही आहेत. मलेशियात १ जुलै २०२५ पासून लांब पल्ल्याच्या बसमध्ये पट्टा बांधणं सक्तीचं आहे. कुणी बांधत नाही म्हणून आपणही सोडू नये.

व्हिएतनामचं वेगळं आहे. पुणे-नागपूर स्लीपरची सवय असलेला माणूस तिथलं ‘स्लीपर’ तिकीट काढतो आणि चकित होतो. दारातच बूट काढून पिशवीत घालायचे. आत तीन रांगा, दोन मजले. जागा सपाट नसते, पाठ अर्धवट उंचावलेली आणि पाय पुढच्या प्रवाशाच्या पाठीखालच्या खोक्यात. साडेपाच फुटांच्या माणसाला चालतं, सहा फुटांच्या माणसाची रात्र कठीण. सपाट झोपायचं असेल तर थोडे जास्त पैसे देऊन पडदे लावलेल्या ‘केबिन’ बसचं तिकीट काढावं. रात्रीच्या बसनं हॉटेलचं भाडं वाचतं हेही अर्धंच खरं. हनोईहून रात्री सुटलेली सापा या डोंगराळ गावाची गाडी पहाटे तीन-चारला पोचू शकते आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते.

‘पावसाळा म्हणजे सगळीकडे एकाच वेळी’

दिवाळीच्या सुमाराला थायलंडच्या कोह सामुईला धो धो पाऊस असतो आणि फुकेतचा पाऊस ओसरत आलेला असतो. मे महिन्यात याच्या उलट. मलेशियाच्या पूर्वेकडची पेरहेंतियान बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ बंद असतात. मध्य व्हिएतनामात, होई आनच्या बाजूला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात. ‘समुद्र गढूळ, हॉटेल रिकामं’ या शेऱ्यात बऱ्याचदा दोष महिन्याचा असतो.

साल तर त्याहून महत्त्वाचं. सिंगापूरचं गोल्डन माइल कॉम्प्लेक्स वर्षानुवर्षं मलेशियाच्या बसगाड्यांचा अड्डा होतं, ते २०२३ मध्ये रिकामं झालं. क्वालालंपूरला दक्षिणेकडच्या गाड्या आता पुडूराया स्थानकाऐवजी २०११ मध्ये सुरू झालेल्या टीबीएस या बस टर्मिनलला थांबतात. तिथून ट्रेननं शहरात यावं लागतं. हनोईहून सापाजवळच्या लाओ काईचा द्रुतगती मार्ग २०१४ मध्ये झाल्यापासून सापासाठी रात्रीच्या रेल्वेचाच सल्ला देणारी वर्णनं जुनी झाली. बँकॉकहून पोइपेटच्या सीमेमार्गे कंबोडियातल्या सियाम रीपला बसनं जाण्याची तर शेकडो वर्णनं वाचायला मिळतात, पण २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया संघर्षात ती सीमाठाणी बंद झाली.

म्हणून परत आल्यावर कुणी विचारलं, तर महिना आणि साल आधी सांगा. मग टर्मिनल, खोलीचा प्रकार, बसची आसनं, निघण्याची आणि पोचण्याची खरी वेळ. बरोबर वयस्कर माणसं होती का, हॉटेलला लिफ्ट होती का, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वरच्या बर्थवर चढता आलं का, हेही सांगा.