आधी ओढ्याचा वाटा

हवाई बेटांपैकी ओआहू हे बेट दोन जुन्या ज्वालामुखींच्या अवशेषांचे बनलेले आहे. त्याच्या पूर्वेची कोओलाऊ रांग समुद्रावरून येणारे ओले वारे अडवते, त्यामुळे अलीकडे, म्हणजे पूर्व उतारावर, मुबलक पाऊस आणि पलीकडे पर्जन्यछाया. तरीही अलीकडचे ओढे केवळ पावसाच्या जिवावर वाहत नाहीत. लाव्हाच्या सच्छिद्र थरांत घट्ट कातळाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, घुसलेल्या असतात. त्या डोंगराच्या पोटात पाणी धरून ठेवतात आणि ते झऱ्यांवाटे सावकाश सुटते. याच उतारावरच्या वायाहोले ओढ्याच्या बारमाही पाण्यावर खोऱ्यातली अळवाची खाचरे पोसली गेली. अळू म्हणजे तिथला कालो, खाचर म्हणजे लोई. पाटाचे पाणी वरच्या खाचरात घ्यायचे, बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात उतरवायचे आणि अखेर ओढ्याला परत द्यायचे, अशी ही शेती. पाणी थंड आणि खेळते लागते. साचून तापले की कंद कुजतात. हवाईयन भाषेत ‘वाई’ म्हणजे पाणी आणि ‘वाईवाई’ म्हणजे संपत्ती.

ही संपत्ती १९१३ ते १९१६ या काळात डोंगरापलीकडे नेली गेली. ओआहू शुगर कंपनीच्या उसासाठी रांगेच्या आरपार बोगदा खोदला गेला आणि खोदताना त्याच कातळी भिंती फुटल्या. म्हणजे ओढ्याचे वाहते पाणी तर वळलेच, शिवाय त्याची डोंगरातली शिल्लकही रिकामी झाली. पुढे या व्यवस्थेतून दिवसाला सुमारे १० कोटी लिटर पाणी पलीकडे जाऊ लागले. आपल्या सह्याद्रीतही त्याच सुमारास असेच घडत होते. पूर्वेला वाहणारे पाणी घाटाखाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली आणि १९२१ मध्ये मुळशीला धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला. एका उताराचे पाणी दुसऱ्या उताराला नेताना घेणाऱ्याच्या लाभाचा हिशोब होतो, गमावणाऱ्याच्या तोट्याचा होत नाही. वायाहोलेच्या इतिहासाचे मोल हे, की तिथे हिशोबाचा क्रमच पुढे बदलला.

हा बदल आपोआप झाला, असे म्हणता येईल: १९९५ मध्ये साखर कंपनी बंद पडली, पाणी मोकळे झाले, ते ओढ्यात गेले. घटनाक्रम मात्र तसे सांगत नाही. ऊस जाणार असला तरी बोगदा राहणार होता, आणि पलीकडचे जमीनमालक व विकासक त्या पाण्यावर हक्क सांगत होते. खोऱ्यातले शेतकरी आणि हवाईयन संघटना झगडल्या, तेव्हा कुठे डिसेंबर १९९४ मध्ये तात्पुरती तडजोड होऊन काही पाणी ओढ्यांत परतले. त्यांच्या हाती कायदा होता, कारण पाण्याच्या रक्षणाची जबाबदारी १९७८ च्या घटनादुरुस्तीने राज्यावर टाकली होती आणि १९८७ मध्ये जलसंहिता आली होती. जल आयोगाने १९९७ मध्ये पाण्याची वाटणी केली. तिच्यावर अपील झाले आणि २२ ऑगस्ट २००० रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला बराचसा फेरविचार करायला लावला. पाणी ही सार्वजनिक ठेव आहे. ओढा वाहता ठेवणे हाही तिचा उपयोगच आहे. खासगी व्यापारासाठी पाणी मागणाऱ्यानेच आपली गरज सिद्ध करावी. आणि शास्त्रीय माहिती अपुरी असेल तर सावधगिरीने वागावे, असे न्यायालयाने सांगितले. तोवर ओढ्याने आपले नुकसान सिद्ध करायचे होते. आता पुरावा देण्याचा भार घेणाऱ्यावर आला.

‘समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते’ हा आक्षेप कोकणाच्या संदर्भात आपणही नेहमी ऐकतो. त्याचे उत्तर ओओपू या बोटभर माशाकडे आहे. तो ओढ्यात अंडी घालतो, पिल्ले प्रवाहाबरोबर समुद्रात जातात, महिन्यांनी परततात आणि पोटाखालच्या चोषकाने ओल्या कातळाला चिकटत धबधबे चढतात. ओढा मध्येच तुटला तर ही साखळी तुटते. मुखाशी गोडे पाणी खाऱ्यात मिसळते, तिथे कित्येक माशांची पिल्ले वाढतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पलीकडेही शेतकरीच आहेत, तेही अन्नच पिकवतात. हे खरे आहे, आणि न्यायालयाने बोगदा बुजवायला सांगितलेही नाही. पाणी आजही पलीकडे जाते. पण लोईचे बरेचसे पाणी ओढ्यात परत येते, बोगद्याने गेलेला थेंब या खोऱ्यात परतत नाही. म्हणून दोन्ही मागण्या एकाच मापाने मोजता येत नाहीत. आधी ओढ्याला जगायला किती हवे ते ठरवावे, मग उरलेल्याची वाटणी करावी. शंभर वर्षांचा हा मागोवा एवढे दाखवतो की हा क्रम लावता येतो, आणि तो लावायला ओढ्याच्या काठी राहणाऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. पुढच्या खोऱ्यात तो बोगद्याच्या आराखड्याआधीच लागला पाहिजे, कारण फोडलेला कातळ निकालाने सांधत नाही.