जुन्या डिझेल टाकीची सफाई
ट्रॅक्टरचे डिझेल साठवणाऱ्या जुन्या टाकीच्या तळाशी पाणी, गंज आणि काळा चिकट गाळ साचतो. टाकी अर्धवट रिकामी असली की रात्रीच्या गारव्यात हवेतले बाष्प आतल्या पत्र्यावर दवासारखे जमते. हे पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून खाली बसते. दोन्हींच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर फिल्टर चोंदवतो. तळाच्या कॉकमधून काढलेला नमुना काचेच्या बाटलीत थोडा वेळ ठेवला, की पाण्याचा थर स्वच्छ दिसतो. सफाईत आधी हे पाणी-गाळ पूर्ण काढावे, मग थोड्या चांगल्या डिझेलने टाकी खळबळून घ्यावी. मात्र आत उतरणे किंवा वेल्डिंग करणे जिवावर बेतते. रिकाम्या टाकीतही पेट घेणारी वाफ उरतेच. गाळ ओढ्यात, विहिरीजवळ मुळीच ओतू नये. टाकी कोरडी झाल्यावरच पुन्हा भरावी.