शिडाची नौका आणि समुद्राची ओढ

लखनौच्या मानक नगरात रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना आहे. १९५७ साली ती स्थापन झाली, आणि या उपनगराला नावही तिच्या कामावरूनच शोभावे असे मिळाले आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. गोमतीच्या पात्राहून मोठे पाणी न पाहिलेली माणसे येथे पुष्कळ भेटतील. तथापि आगगाडीच्या ब्रेकमागील एक तत्त्व येथील कोणताही अभियंता सहज सांगेल, आणि तेच तत्त्व शिडाच्या नौकेवरील माणसाचा जीव वाचविणाऱ्या साहित्याच्या मुळाशी आहे. गाडी मध्येच तुटली, डबे अलग झाले, तर ब्रेकची नळीही तुटते. आणि नळी तुटली की दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागतात. कोणी साखळी ओढावी लागत नाही. जे साधन संकटाच्या वेळी माणसाच्या हाताची वाट पाहते, ते अर्धेच साधन होय, असा त्याचा अर्थ.

लखनौचा समुद्राशी दुसराही एक संबंध आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका व तत्कालीन सोव्हिएत संघ या चार देशांनी मिळून संकटातील नौकांची व विमानांची हाक उपग्रहांकरवी ऐकण्याची एक योजना आखली. तिचे नाव ‘कॉस्पास-सारसॅट’. तिचा पहिला उपग्रह १९८२ साली अवकाशात गेला. पुढे भारत या योजनेत सामील झाला, तेव्हा हाक ऐकणारी जी भूकेंद्रे देशात उभारली गेली, त्यांपैकी एक बंगळूरात होते आणि दुसरे लखनौत. अरबी समुद्रात बुडणाऱ्या एखाद्या तांडेलाचा आवाज गंगेच्या मैदानात उतरत असे, ही गोष्ट कवीला सुचली असती तर अतिशयोक्ती ठरली असती.

ही हाक देणारा संच, ज्याला नाविक बीकन म्हणतात, हातात सहज मावेल एवढा असतो. तो ४०६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर बोलतो. प्रत्येक संचाची एक स्वतंत्र सांकेतिक संख्या असते; त्यावरून नौका कोणाची हे कळते. नौका बुडाली तर पाण्याच्या दाबाने त्याची खोबण उघडते, संच वर तरंगतो, आणि पाणी लागताच आपोआप संदेश पाठवू लागतो. निदान ४८ तास तो चालला पाहिजे असा नियम आहे. ब्रेकच्या नळीचेच तत्त्व हे.

तत्त्व चांगले असले तरी समुद्र त्याची परीक्षा कशी घेतो, याचे उदाहरण एका भारतीय नौकेनेच घालून दिले आहे. तिची कथा मुंबईपासून सुरू करावी लागते. १९६०च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज खलाशी अधिकाऱ्याने मुंबईतल्या कारागिरांकडून सागवानाची ‘सुहेली’ नावाची ३२ फुटी नौका बांधून घेतली. याच नौकेतून त्याने १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो पहिला मनुष्य. त्याला ३१२ दिवस लागले. एवढी मोठी गोष्ट मुंबईच्या लाकूडकामावर उभी राहिली, पण आपल्याकडे शिडाच्या सागरप्रवासाची हौस जागी व्हायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. ती जागी करण्याचे श्रेय बव्हंशी व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचे. त्यांनी निवृत्तीनंतर हा ध्यास घेतला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका तयार झाली, आणि नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार बंदरांत थांबत तिच्यातून एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा केली. २०१२ च्या नोव्हेंबरात ते मुंबईहून निघाले आणि २०१३ च्या मार्चअखेर परतले.

मग आली २०१८ ची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत. १९६८ च्या पहिल्या शर्यतीच्या स्मरणार्थ ती भरविली होती, म्हणून नियम असा की नौका व साधने त्या काळचीच हवीत. सेक्स्टंट, कागदी नकाशे, होकायंत्र, घड्याळ. उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र केवळ आपत्काळासाठी मोहोरबंद ठेवायचे. टॉमी यांच्यासाठी गोव्याच्या त्याच कारखान्याने ‘सुहेली’च्या आराखड्यावर ‘थुरिया’ बांधली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळाने तिला गाठले. लाटा इमारतींएवढ्या उंच. नौका कलंडली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. उठणे अशक्य झाले.

येथे साहित्याची गोष्ट सुरू होते. टॉमी यांनी बीकन चालू केला आणि एका लहानशा उपग्रह-संचावरून शर्यतीच्या कार्यालयाला मोजक्या शब्दांत स्थिती कळविली. दुसरा उपग्रह-दूरध्वनी नौकेवर होता. पण तो आपत्काळाच्या पिशवीत होता, आणि ती पिशवी अवघ्या काही हातांवर असूनही जखमी माणसाला गाठणे दुष्कर झाले. साहित्याच्या याद्या छापणारे बहुधा ही गोष्ट विसरतात. यादीत वस्तू आहे की नाही एवढेच पाहिले जाते. ती अंधारात, कलंडलेल्या नौकेत, मोडलेल्या पाठीने हाती येईल की नाही हा प्रश्न कोणी विचारीत नाही. खरा प्रश्न तोच.

भारतीय नौदलाचे विमान मॉरिशसहून उडाले आणि त्याने ‘थुरिया’ हुडकून काढली. आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन हा स्पर्धक स्वतःच्या नौकेची डोलकाठी मोडली असतानाही तात्पुरते शीड उभारून त्या दिशेने सरकू लागला. अखेर २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ हे फ्रान्सचे मत्स्यगस्ती जहाज तेथे पोहोचले आणि टॉमी यांना स्ट्रेचरवरून उचलून नेण्यात आले. जवळजवळ तीन दिवस ते नौकेतच पडून होते. ती फुटली नव्हती, तरंगत होती, आणि तोच त्यांचा खरा आश्रय होता.

जीवनतराफ्याविषयी दर्यावर्दी मंडळींचा जो कटाक्ष आहे तो यावरून समजेल. तराफ्यात वर चढावे लागेल इतकी नौका पाण्यात खचली, तरच तिला सोडावे, असे ते म्हणतात. १९७९ साली इंग्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत वादळ झाले; चोवीस नौका खलाशांनी सोडून दिल्या. त्यांपैकी बुडाल्या अवघ्या पाच. उरलेल्या एकोणीस रिकाम्या तरंगत सापडल्या, आणि तराफ्यात उतरलेल्यांतले काही दगावले. उलट १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, याच ‘गोल्डन ग्लोब’च्या पुढील शर्यतीत, फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची नौका दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस सुमारे पाच मिनिटांत तळाला गेली. तेथे तराफ्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. सुमारे शंभर मैलांवर असलेल्या कर्स्टन नॉयशेफर या स्पर्धक बाईंनी रात्रभर नौका हाकून त्यांना गाठले आणि मग एका मालवाहू जहाजावर चढविले.

पण बीकन व तराफा ही शेवटची साधने होत. एकट्या माणसाचे पहिले साधन म्हणजे एक मजबूत पट्टा आणि दोर. नौकेच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी एक पट्टी ताणून बांधलेली असते; अंगावरच्या पट्ट्याचा आकडा तिच्यात अडकवूनच डेकवर पाऊल टाकायचे. कारण सोपे आहे. नौका ताशी सहा सागरी मैल, म्हणजे सहा नॉट, वेगाने जात असेल, तर पाण्यात पडलेला माणूस एका मिनिटात १८५ मीटर मागे पडतो. सुकाणू आपोआप चालविणारे वाऱ्याचे यंत्र मालकाची वाट पाहत नाही; ते नौका सरळ पुढे नेते. लाटांत पोहणाऱ्याचे डोके नारळाएवढे दिसते, आणि तेही क्षणभर. म्हणून दोर इतका आखूड हवा की माणूस कठड्याबाहेर जाऊच नये. लांब दोराने बांधलेला माणूस पाण्यात ओढला जातो आणि त्याला वर चढता येत नाही.

उरलेल्या वस्तू साध्या आहेत, आणि म्हणूनच त्यांची हेळसांड होते. नौकेच्या तळाला जेथे जेथे छिद्र आहे, तेथे तेथे मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवावी. झडप तुटली तर हातोड्याने ती ठोकता येते. पाणी उपसण्याचा हातपंप दोन ठिकाणी हवा. जाड तारा तोडणारी मोठी कात्री हवी, कारण डोलकाठी मोडली की ती तारांनी अडकून पाण्यात पडते आणि प्रत्येक लाटेबरोबर नौकेच्या कुशीवर घण घालते. रात्री लाल ज्योतीच्या नळकांड्या, दिवसा नारिंगी धूर. शिवाय मागे सोडण्यासाठी लांब जाड दोर. लाटेवरून नौका घसरून नाक पाण्यात खुपसू नये म्हणून ते मागून ओढत ठेवतात.

आता प्रवाहांकडे वळू. वारा दिसत नसला तरी अंगाला लागतो. प्रवाह लागतही नाही. किनारा दृष्टीआड झाल्यावर नौका आणि भोवतालचे पाणी दोन्ही बरोबरच सरकत असतात, त्यामुळे खलाशाला काहीच जाणवत नाही. एक नॉटचा आडवा प्रवाह क्षुल्लक वाटतो, पण चोवीस तासांत तो नौकेला २४ सागरी मैल बाजूला नेतो. रात्री एखादा खडक चुकवायचा असेल तर एवढे अंतर प्राणघातक होय.

उपाय म्हणजे त्रिकोण. जायचे ते ठिकाण सरळ उत्तरेला आहे, नौका पाच नॉटने चालते, आणि दोन नॉटचा प्रवाह पूर्वेकडे ओढतो असे समजू. नाक सरळ उत्तरेकडे ठेवले तर नौका ईशान्येकडे भरकटेल. म्हणून नाक सुमारे २४ अंश पश्चिमेकडे वळवावे. मग ती उत्तरेलाच जाते, पण पाचऐवजी साधारण साडेचार नॉटने. कोकणच्या खाडीत ओहोटीच्या वेळी पैलतीरी होडी घालणारा तांडेल हेच करतो; त्याने अंश मोजलेले नसतात एवढेच.

मात्र प्रवाह दोन नॉटचा आहे हे कळावे कसे? आकाशाकडे पाहून. कालच्या ठिकाणापासून होकायंत्राची दिशा व नौकेचा वेग धरून आजचे ठिकाण नकाशावर काढतात. दुपारी सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून अक्षांश काढतात. रेखांशासाठी घड्याळाचा आधार घेतात. हिशेबाचे ठिकाण आणि सूर्याने सांगितलेले ठिकाण यांत जो फरक पडतो, तोच बहुतांशी प्रवाहाचा वेग व दिशा. चुकीतूनच ज्ञान मिळते असे म्हणतात, पण नकाशावर ते इतके उघडपणे क्वचितच दिसते. पाण्यात तापमापक बुडविणे हीही जुनी युक्ती. पाणी एकाएकी उबदार झाले तर नौका एखाद्या उष्ण प्रवाहात शिरली असे जाणावे.

हिंदी महासागराचे वैशिष्ट्य असे की त्याच्या उत्तर भागातील प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलतात. पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याने ईशान्येकडे जोरदार वाहणारा प्रवाह हिवाळ्यात उलटतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतही पावसाळ्यात पाणी दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे सरकते. पावसाळ्यात शिडाच्या होड्या ओढून घ्यायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा लोटायच्या, या रिवाजात वाऱ्याइतकाच पाण्याचाही विचार होता. विषुववृत्त ओलांडल्यावर आग्नेय व्यापारी वारे लागतात व पाणी पश्चिमेकडे वाहते. म्हणून ऑस्ट्रेलियाकडे जाणारी शिडाची नौका सरळ रेघेने जात नाही. ती आधी दक्षिणेला उतरते, पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा गाठते, आणि मग पूर्वेकडे वळते. अंटार्क्टिकाभोवती पृथ्वीला वेढा घालणारा महाप्रवाहही पूर्वेकडेच जातो. दोंदे, टॉमी आणि २०१७-१८ व २०२४-२५ मध्ये ‘तारिणी’तून प्रदक्षिणा केलेल्या नौदलाच्या स्त्री-अधिकारी, सर्वांनी पूर्वेकडूनच पृथ्वी फेरली ती यासाठी.

परतीच्या वाटेवर मात्र एक कठीण जागा आहे. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याने अगुल्हास नावाचा उष्ण प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो. त्याचा वेग कधी पाच नॉटपर्यंत जातो. १४९७ च्या डिसेंबरात वास्को द गामाच्या ताफ्यालाही त्याने मागे ढकलले होते. वारा प्रवाहाच्याच दिशेने असेल तोवर प्रवास सुखाचा. पण नैर्ऋत्येचे वादळ उठले की समोरून येणाऱ्या लाटा प्रवाहावर आदळतात. उलट्या पाण्यात लाटेची लांबी कमी होते आणि उंची वाढते, म्हणजे लाट डोंगर न राहता भिंत होते. तिच्यापुढे अवाढव्य पोलादी जहाजेही मोडली आहेत. जाणते खलाशी अशा वेळी खोल समुद्राकडे न जाता किनाऱ्याकडे येतात, आणि जेथे पाणी शंभर वावांहून, म्हणजे सुमारे १८० मीटरांहून, उथळ आहे त्या पट्ट्यात राहतात. प्रवाहाचा खरा जोर त्या रेषेबाहेर असतो. वादळात किनारा टाळावा या सर्वसाधारण नियमाला असा एक अपवाद आहे, आणि तो निघण्यापूर्वीच ठाऊक असावा लागतो.

बंदर सोडण्यापूर्वीची आणखी एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते. बीकन विकत घेतला की काम संपले असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात त्याची सांकेतिक संख्या, नौकेचे नाव, रंग, लांबी आणि किनाऱ्यावरच्या दोन माणसांचे दूरध्वनी यांची नोंद व्हावी लागते. हाक आली की शोधकेंद्रातील अधिकारी प्रथम त्या दोन माणसांना विचारतो, नौका खरोखर समुद्रात आहे काय, आणि तिच्यात किती माणसे आहेत. नोंद नसली, किंवा नौका विकली गेली आणि कागदावर जुनाच मालक राहिला, तर त्या चौकशीतच मोलाचा वेळ जातो. संचाच्या पाठीवर घटमालेची मुदत छापलेली असते. तीही दर वर्षी पावसाळ्यात, नौका किनाऱ्यावर ओढलेली असताना, वाचून पाहावी.